महासागराची आम्लता आणि जनजागृतीचा उथळ हिशेब

महासागरांच्या आम्लीकरणाबद्दल काय करायचे, असा प्रश्न निघाला की आंतरराष्ट्रीय परिषदेपासून जिल्ह्याच्या बैठकीपर्यंत एक उत्तर तयार असते. लोकांना याची माहिती नाही, म्हणून जनजागृतीसाठी निधी द्यावा. या उत्तराला कोणी विरोध करत नाही. मग ८ जूनला जागतिक महासागर दिन साजरा होतो, किनाऱ्यावर फलक लागतात, चित्रकला स्पर्धा होते, एखाद्या शाळेत शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून दाखवतात आणि मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र सादर होते. दुसऱ्या टोकाला असे म्हणणारे आहेत की हा सगळा पैसा वाया जातो. तो संशोधनाला द्यावा किंवा कार्बन उत्सर्जन घटवण्यासाठी वापरावा.

ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसली तरी त्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे : शिक्षण म्हणजे जाणत्याने अजाणत्याला माहिती पुरवणे. एक बाजू म्हणते माहिती पुरवा, दुसरी म्हणते पुरवून उपयोग नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे वेगळे आहे. आम्लीकरणाचे लोकशिक्षण हे समुद्राच्या मोजमापाचे आणि समुद्रावर पोट असलेल्यांच्या रोजच्या निर्णयांचे अंग आहे. त्याला निधी मिळालाच पाहिजे आणि तो वर्षानुवर्षे मिळाला पाहिजे. पण तो मोहिमांवर खर्च न होता, शेतीत ज्याला विस्तारसेवा म्हणतात तशा कायमच्या व्यवस्थेवर आणि तीत काम करणाऱ्या माणसांच्या पगारावर खर्च व्हायला हवा.

१. दिसत नाही असे संकट

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात मिसळल्यावर या वायूचे कार्बनिक आम्ल होते, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि ते पाण्यातल्या कार्बोनेट आयनांना पकडतात. कालवे, शिंपल्या, प्रवाळ यांना कवच किंवा सांगाडा बांधायला हेच कार्बोनेट लागते. म्हणजे समुद्र दोन्हीकडून बदलतो : आम्लता वाढते आणि बांधकामाचा माल कमी होतो.

शेतकरी मातीपरीक्षणाच्या पत्रिकेवर जो सामू वाचतो, तोच इथेही मोजमाप आहे. औद्योगिक क्रांतीच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सरासरी ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी लॉगरिदमची असल्याने ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांत सुमारे २६ टक्के वाढ. तरीही समुद्राचे पाणी अल्कधर्मीच आहे आणि या शतकात ते आम्ल होणार नाही. हे सांगितले नाही, तर ‘समुद्राचे आम्ल होतेय’ अशी भीती पसरते आणि पुढे कोणीतरी ती खोटी ठरवली की मूळ शास्त्रावरचा विश्वासही उडतो.

तेलगळती दिसते, प्लास्टिक दिसते, मेलेले कासव दिसते. आम्लीकरणाला रंग नाही, वास नाही. ते फक्त उपकरणाला कळते. ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जेमतेम पाचातल्या एकाने या विषयाचे नाव ऐकलेले होते. जनजागृतीवाले असे आकडे पुढे करतात आणि नाव ऐकवण्याची मोहीम काढतात. पण जी गोष्ट इंद्रियांना कळतच नाही, तिचे नाव ऐकून माणसाच्या हातात काय येते? त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे ते मोजमाप, आणि मोजमापाचा अर्थ लावून सांगणारे कोणीतरी.

२. नेटार्ट्सच्या हॅचरीत काय घडले

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या ओरेगन राज्यातले आहे. नेटार्ट्स उपसागराच्या काठावरची व्हिस्की क्रीक ही कालवांची हॅचरी. तिथे तयार झालेल्या अळ्या पश्चिम किनाऱ्यावरचे अनेक स्वतंत्र कालव-उत्पादक बीज म्हणून विकत घेत. २००७ पासून टाक्यांमधल्या अळ्या प्रचंड प्रमाणात मरू लागल्या. पहिला संशय जिवाणूंवर गेला आणि पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवली गेली. मरणे थांबले नाही.

मग हॅचरीतले अ‍ॅलन बार्टन आणि ओरेगन स्टेट विद्यापीठाचे बर्क हेल्स यांनी टाकीत येणाऱ्या पाण्याचे रसायन सतत मोजायला सुरुवात केली. उन्हाळ्यात उत्तरेकडून वारे वाहिले की खोलातले थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी किनाऱ्याला वर येते. ते पाणी टाकीत आले की अळ्यांना पहिले कवच बांधता येत नाही. २०१२ मध्ये हा संबंध शोधनिबंधातून मांडला गेला. त्याआधी, २००८ मध्येच, रिचर्ड फीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले होते की उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कवचाला घातक असे पाणी थेट उथळ भागापर्यंत चढते आहे. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. ते हॅचरीच्या टाकीपर्यंत पोहोचले, तेव्हाच त्याचा उपयोग झाला.

उपाय त्या मानाने साधे निघाले. उपसागरातले सागरी गवत दिवसा प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, म्हणून सकाळऐवजी दुपारी पाणी भरायचे. पाणी वाईट असेल त्या दिवशी त्यात सोडियम कार्बोनेट मिसळायचे. समुद्रातल्या तरंगत्या उपकरणांचे आकडे रोज बघायचे. २०१० मध्ये सिनेटर मारिया कँटवेल यांच्या प्रयत्नाने या निरीक्षणासाठी ५ लाख डॉलर मिळाले. सरकारी खर्चाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य आहे.

इथे शिक्षण नेमके कुठे झाले? ज्याच्या हातात पाण्याचा व्हॉल्व्ह होता, त्याला सामू आणि अरॅगोनाइटची (कवच ज्या कार्बोनेट खनिजाचे बनते त्याची) संपृक्तता वाचता येऊ लागली, तिथे. तो रसायनशास्त्राचा विद्यार्थी झाला, कारण त्याला त्याच दिवशी एक निर्णय घ्यायचा होता. पुढे हेच कालव-उत्पादक राजकारण्यांसमोर साक्ष द्यायला उभे राहिले, आणि कोणत्याही फलकापेक्षा त्यांचे बोलणे वजनदार ठरले. वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी २०१२ मध्ये विशेष समिती नेमली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे पहिले प्रमुख विल्यम रकल्सहाउस तिचे सहअध्यक्ष होते. समितीने ४२ शिफारशी केल्या. लोकांना माहिती देणे, शिकवणे आणि सहभागी करून घेणे हा त्यात उत्सर्जनघट आणि निरीक्षण यांच्या बरोबरीने स्वतंत्र विभाग होता. २०१३ मध्ये विधिमंडळाने वॉशिंग्टन विद्यापीठात आम्लीकरणाचे केंद्र स्थापन केले.

३. माहितीने मत बदलते, हा भ्रम

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल : म्हणजे शिक्षण दिले की समाज शहाणा होतो. वॉशिंग्टनचा पुढचा इतिहास मात्र तसे सांगत नाही, आणि लोकशिक्षणाच्या समर्थकांनी तो झाकून ठेवू नये.

आम्लीकरणावर देशात सर्वांत आधी हललेल्या याच राज्यात २०१६ मध्ये कार्बन कराचा प्रस्ताव मतदानाला आला आणि पडला. २०१८ मध्ये कार्बन शुल्काचा दुसरा प्रस्ताव आला; त्याच्या विरोधात मुख्यतः तेल कंपन्यांनी ३ कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला आणि तोही पडला. शेवटी २०२१ मध्ये विधिमंडळाने उत्सर्जनावर मर्यादा घालणारा कायदा केला. २०२४ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मात्र सुमारे ६२ टक्के मतदारांनी तो फेटाळून कायदा राखला. या चढउतारात कालवांविषयीच्या शिक्षणाचा वाटा किती, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही. जो कोणी तसा दावा करून निधी मागतो, तो पुरावा नसलेली गोष्ट विकतो.

येल विद्यापीठाचे डॅन काहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आणखी अवघड निष्कर्ष मांडला. अमेरिकेत विज्ञानाची समज जास्त असलेल्या लोकांत हवामानबदलाची चिंता जास्त आढळली नाही. उलट राजकीय गटांमधली दरी अशाच लोकांत सर्वांत रुंद होती. माणूस माहितीचा वापर बहुधा आपल्या गटाची बाजू भक्कम करायला करतो.

मग शिक्षणावर खर्च कशासाठी? कारण मतपरिवर्तन हे त्याचे ध्येयच नव्हे. हॅचरीतल्या माणसाचे राजकीय मत कोणते होते, याने काही फरक पडला नाही. त्याला पाणी केव्हा भरावे हे कळले. लोकशिक्षणाच्या निधीचे समर्थन या पायावर उभे राहिले, तर ते निवडणुकीच्या निकालाने कोसळत नाही.

४. चुकीच्या धड्यांची किंमत

शाळांमध्ये सर्वांत लोकप्रिय प्रयोग म्हणजे व्हिनेगरमध्ये टाकलेला शिंपला. बुडबुडे येतात, कवच विरते, मुले थक्क होतात. पण व्हिनेगरचा सामू सुमारे २.५ आणि समुद्राचा ८.१. दोहोंतल्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात लाखो पटींचा फरक आहे. मुलाच्या मनात चित्र राहते ते समुद्रात शिंपले विरघळत असल्याचे. प्रत्यक्षातला धोका वेगळा आहे : कवच बांधायला जास्त ऊर्जा लागते, अळी अशक्त राहते, पहिल्या काही दिवसांत मरते. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू घातलेल्या पाण्यात नळीने फुंकर घातली तर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने रंग निळ्याचा पिवळा होतो. या प्रयोगात तमाशा कमी आहे, पण रसायन खरे आहे. असा प्रयोग करून घेणारा शिक्षक तयार करायला प्रशिक्षण लागते, आणि प्रशिक्षणाला फलकापेक्षा जास्त पैसे लागतात.

नाट्यमय दाव्यांचा मोह संशोधकांनाही सुटत नाही. आम्लीकरणामुळे प्रवाळातले मासे वास ओळखू शकत नाहीत आणि शिकाऱ्याकडेच पोहत जातात, असे निष्कर्ष काही वर्षे गाजले आणि माहितीपत्रकांतही शिरले. २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या पुनर्पडताळणीत असे परिणाम दिसले नाहीत. ज्या कार्यक्रमांनी आपला सगळा भार या एका कथेवर टाकला होता, त्यांचा पायाच गेला. कालवांच्या अळ्यांवरचा पुरावा मात्र टिकला, कारण तो टाकीत रोज तपासला जात होता.

लोकसहभागातून मोजमाप करण्याबाबतही स्पष्ट बोलायला हवे. आम्लीकरणाच्या जागतिक निरीक्षण जाळ्याने हवामानबदल टिपण्यासाठी सामूच्या मोजणीत ०.००३ इतकी काटेकोर मर्यादा ठरवली आहे. स्थानिक चढउतार टिपायला ०.०२ चालते. बाजारातली सामूची कागदी पट्टी यांच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे शाळकरी मुलांच्या नोंदींतून आम्लीकरण सिद्ध होईल असे त्यांना सांगणे ही फसवणूक ठरेल. सामू दिवसात किती बदलतो, पाऊस पडल्यावर खाडीत काय होते, क्षारता आणि तापमान सोबत मोजल्याशिवाय एकट्या सामूला अर्थ का नसतो, हे मात्र त्याच मुलांना त्या नोंदींतून उत्तम शिकता येते.

५. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप : विषय पाठ्यपुस्तकात घातला की पुरे. भारतात पर्यावरण शिक्षण शालेय अभ्यासक्रमात सक्तीचे करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये दिला आणि २००३ मध्ये अंमलबजावणीचा आग्रह धरला. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा विषय आहे. हे आवश्यकच आहे. पण खाडीत कालवे काढणारी बाई बारावीच्या वर्गात बसलेली नाही, आणि तिचा प्रश्न गुणांचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आम्लीकरणाचे मूळ कारण कार्बन डायऑक्साइड. ते वॉशिंग्टनमध्ये किंवा वेंगुर्ल्यात शिक्षण देऊन थांबणार नाही. हे खरे आहे. हॅचरीच्या टाकीत सोडियम कार्बोनेट घालता येते, समुद्रात नाही. पण किनाऱ्यालगत आम्लता वाढवणारी कारणे फक्त आकाशातून येत नाहीत. सांडपाणी आणि खतांमधून येणाऱ्या पोषकद्रव्यांवर शेवाळ माजते, ते कुजताना प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. वॉशिंग्टनच्या समितीने जमिनीवरून येणारे हे प्रदूषण घटवण्याची शिफारस म्हणूनच स्वतंत्रपणे केली. सांडपाणी प्रक्रिया केंद्र कुठे व्हावे, हा नगरपरिषदेच्या हातातला निर्णय आहे. जागतिक संकटाची स्थानिक बाजू कोणती, हे नागरिकाला कळणे म्हणजेच त्या विषयात शिक्षित होणे.

तिसरा आक्षेप असा की पैसा मर्यादित असताना तो संशोधनालाच जावा. अमेरिकेने २००९ मध्ये आम्लीकरणाच्या संशोधन आणि निरीक्षणासाठी खास कायदा केला, तेव्हा शिक्षण आणि लोकसंपर्क त्याच कायद्यात घातला. त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. निरीक्षणाची उपकरणे दशकानुदशके चालवावी लागतात; त्यांचा उपयोग करणारा वर्ग किनाऱ्यावर नसेल, तर पहिल्या काटकसरीत ती बंद पडतात. १९६६ मध्ये सुरू झालेली अमेरिकेची सी ग्रँट योजना शेतीच्या विस्तारसेवेच्या नमुन्यावरच उभी आहे : विद्यापीठातला माणूस बंदरावर राहतो, मच्छीमारांना ओळखतो, त्यांचे प्रश्न प्रयोगशाळेत नेतो. २०१८ च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात ती योजना बंद करण्याचे सुचवले गेले, पण अमेरिकी काँग्रेसने निधी चालू ठेवला. किनाऱ्यावरच्या मतदारांना तिचा उपयोग माहीत होता.

६. कोकण आणि गोव्याकडे पाहताना

भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा संबंध इथे ओढूनताणून जोडावा लागत नाही. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात याही किनाऱ्यावर खोलातले, प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेले पाणी वर येते. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर बसतो. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यातल्या कांदोळीसमोर ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींतून हे चक्र उलगडले आहे. म्हणजे मोजणारी संस्था आहे, तिचे ज्ञान जागतिक दर्जाचे आहे. मालवणात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ आहेत. सिंधुदुर्गात महिला बचतगटांनी कालवे आणि शिणाण्यांची शेती करून पाहिली आहे. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनारी समाजांसाठी हरित हवामान निधीने २०१८ मध्ये ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले.

भारत सरकारने २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांचे खोल महासागर अभियान मंजूर केले. महासागरी हवामानबदलाविषयी सल्ला देणारी सेवा हा त्याच्या सहा घटकांपैकी एक. सल्ला कोणाला द्यायचा आणि तो वाचणार कोण, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. याचे उत्तर या देशाने एकदा चांगले दिलेले आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहाच्या माहितीवरून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते सांगणारा सल्ला किनारी भाषांतून देते, मराठीतूनही. समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य यांचे शास्त्र मच्छीमारापर्यंत पोहोचले ते असे, त्याच्या डिझेलच्या खर्चाला जोडून. कोणीही त्याला ‘समुद्राच्या तापमानाबद्दल जागृत’ केले नव्हते.

एक सावधगिरी इथे अत्यावश्यक आहे. कोकणात मासळी घटली की तिचे खापर आम्लीकरणावर फोडणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. पर्ससीन, एलईडी दिव्यांची मासेमारी, यांत्रिक ट्रॉलर, कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी ही कारणे समोर उभी आहेत, आणि त्यांना जबाबदार माणसे आहेत. आम्लीकरणाचा कार्यक्रम या जबाबदाऱ्या झाकण्याचे साधन बनला, तर मच्छीमार त्याच्याकडे पाठ फिरवतील आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही. चांगल्या विस्तार अधिकाऱ्याला ‘हे आम्लतेमुळे झालेले नाही’ असेही सांगता आले पाहिजे.

खर्चाचे प्रमाण कसे असावे, याचे उत्तर आता वरच्या विवेचनातून निघते. आधी पगार, मग उपकरणे, मग शिक्षकांचे प्रशिक्षण. फलक आणि दिवस साजरे करणे सर्वांत शेवटी. निधी किमान दहा वर्षांसाठी बांधलेला असावा, कारण तीन वर्षांच्या प्रकल्पात सामूतला नैसर्गिक चढउतारच जेमतेम समजतो. यशाची मोजणी किती लोक कार्यक्रमाला आले यावर न करता किती कालव-उत्पादक, किती ग्रामपंचायती, किती शाळा पाच वर्षांनंतरही नोंदी वाचत आणि वापरत आहेत, यावर करावी. हे मोजणे कठीण नाही, फक्त त्यासाठी पाच वर्षांनी परत जावे लागते.

रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी संशोधन केंद्र आहे, गोव्यात समुद्रविज्ञान संस्था आहे. नव्या इमारतीची गरज नाही. पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी आपल्या वार्षिक आराखड्यात कालवे आणि खाडीच्या पाण्यासाठी प्रत्येकी एका कायम विस्तार अधिकाऱ्याच्या पदाची तरतूद करावी, आणि या जिल्ह्यांतल्या वाचकांनी आपल्या जिल्हा परिषद सदस्याला आणि आमदाराला त्या पदाचे काय झाले हे दर वर्षी विचारावे.